सतराव्या ओळीतली खूण

नाशिक,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय अंजलीताई,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखायचा थांबलाय, म्हणजे ती तसं म्हणते आणि जिना चढताना माझा खांदा धरते. माझा मित्र संघर्ष, त्याचं देवळाली कॅम्पातलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चांगलं चाललंय. दाजींना नमस्कार. संजनाला सांग, मामाने रंगपेटी घेऊन ठेवली आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. तीन वेळा फोन केला होता. तिन्ही वेळा तूच आधी म्हणालीस, "प्रफुल्ल, माझ्या वेंधळेपणामुळे तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव खराब झालं रे." आणि मी "जाऊ दे ताई" म्हणून मोकळा झालो. मोठा आलो जाऊ दे म्हणणारा!

ऑफिसातून आल्यावर मी पुन्हा लॅपटॉपसमोर काय करत बसतो, असं तू नेहमी विचारायचीस. 'पानमोज' तुला नवं नाही. कांद्याच्या पातीचा फोटो घातला की करपा रोग किती पसरलाय हे ते मोजून देतं. ते फुकट आहे, जगभरची माणसं फावल्या वेळात बनवतात. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी तिचा इन्स्टॉलर, म्हणजे ती कॉम्प्युटरवर बसवणारी फाइल, चालवून बघायचं काम माझ्याकडे. तेवीस ओळींची यादी असते. एकेक गोष्ट करून बघायची आणि पुढे बरोबरची खूण करायची. इन्स्टॉलरवर प्रकल्पाची डिजिटल सही असते, त्यामुळे कॉम्प्युटर तांबडी सूचना न दाखवता तो चालू देतो. पण सही एवढंच सांगते की ही फाइल आमच्याकडूनच आली, वाटेत तिला कुणी हात लावलेला नाही. आतलं काम नीट आहे की नाही, ते सांगायला मी होतो.

जुलैत तू आली होतीस तो रविवार आठव. आई भाकरी वाढत होती. तू पर्समधून पेनड्राइव्ह काढलास आणि विचारलंस, "नवं टाकल्यावर जुनी मोजणी राहील ना? का आधी कॉपी करून ठेवू?" मी हसलो. तुझ्या हातातून पेनड्राइव्ह घेतला, "ताई, कुठल्या जमान्यात आहेस? सही केलेला इन्स्टॉलर आहे, मी स्वतः तपासलाय," म्हणालो आणि तो परत तुझ्या पर्समध्ये टाकला. वर आईही म्हणाली, "अगं, तो तपासतोय म्हटल्यावर तुला कशाला पायजे ते? लय शंका तुझ्या."

ताई, यादीतली सतरावी ओळ अशी आहे: जुन्या आवृत्तीवर नवी चढवून पाहिली, आधीची मोजणी आणि फोटो शाबूत.

मी ती चढवून पाहिली नव्हती.

त्यासाठी जुनी आवृत्ती असलेला वेगळा लॅपटॉप लागतो. माझा तसला लॅपटॉप तेव्हा संघर्षकडे दुरुस्तीला होता, दोन दिवसांनी मिळणार होता. "प्रफुल्लची यादी कधी उशिरा येत नाही," असं प्रकल्पातली माणसं म्हणतात, आणि मला ते ऐकायला फार आवडतं. गेल्या नऊ वेळा ती ओळ सुरळीत गेली होती, दहाव्यांदा काय होणार? खूण केली आणि यादी पाठवून दिली.

तू सटाण्याला परत जाऊन तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये नवं टाकलंस. दोन हंगामांचे फोटो, तुझ्या अकरा विद्यार्थ्यांनी केलेली मोजणी, तुझ्या पीएचडीचं अर्धं काम, सगळा फोल्डर रिकामा. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारालाही काही परत काढता आलं नाही. देवळ्याचे देवरामआबा, ज्यांच्या वावरात तुम्ही दोन वर्षं फोटो काढलेत, ते तुला म्हणाले होते ना, "मॅडम, पात पुन्हा यील, पण मागल्या सालची कुठून आणू?" तू हसत सांगितलंस ते मला. मी त्या रात्री जेवलो नाही, पण बोललोही नाही.

याहून वाईट पुढे आहे. तुझी तक्रार प्रकल्पाच्या नोंदीत आली तेव्हा उत्तर द्यायची पाळी माझीच होती. मी लिहिलं: वापरणाऱ्याकडून जुना फोल्डर आधीच डिलीट झाला असावा. तू ते वाचलंस आणि खरं मानलंस. मुलांची माफी मागितलीस. कॉलेजला लेखी दिलंस की चूक माझ्या हातून झाली. आता त्याच कागदावर शुक्रवारी समिती बसणार आणि पुढच्या सत्राच्या तुझ्या तासिका काढून घेणार. कायम नोकरी असती तर एक गोष्ट, तुझं तर सगळंच तासांवर.

काल ती चाचणी केली. चाळीस मिनिटं लागली. माझ्या डोळ्यांदेखत फोल्डर रिकामा झाला. आज सकाळी प्रकल्पाच्या जाहीर नोंदीत सगळं लिहिलं, माझ्या नावानिशी, तुझ्यावर ढकललेलंही. ती आवृत्ती त्यांनी मागे घेतली आहे. तपासणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलं, तेही बरोबरच केलं. प्राचार्यांना मेल केलाय, त्याची प्रत सोबत आहे. शुक्रवारी पहिल्या बसने सटाण्याला येतो आणि समितीसमोर, मग मुलांसमोर उभा राहतो. मला अडवू नकोस.

इथवर लिहून आईला वाचून दाखवलं. तिने तुझा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तू उचललास. मी नुसतं 'ताई' म्हणालो, तेवढ्यात तूच घाबरून म्हणालीस, "काय रे, माझ्यापायी तुझ्यावर तर काही आलं नाही ना?"

मी फोन ठेवून दिला. मघाशी फोन कट झाला नव्हता, ताई.

या पत्रात मी माफी मागितलेली नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. आधी तुझे तास तुला परत मिळू देत.

तुझा अपराधी भाऊ,
प्रफुल्ल