मेरामा अजून घरी आली नाही

प्रिय अनघा,

तं आता घरात बसून घरात नाही म्हणून सांगायले शिकली तू. माझा नवरा, आमचा बुढा हरिसिंग, उन्हात तुझ्या फाटकापाशी उभा होता. तुझ्या चपला दारात होत्या, गाडी ओट्याजवळ होती, आणि तुझी आई, शोभाकाकू, म्हणे अनघा बाहेर गेली. काकूंले खोटं बोलता येत नाही, बोलताना त्या सारख्या आतल्या खोलीकडं पाहत होत्या. त्याच्या आधी मी स्वतः किराणा दुकानातून फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. मग एकदा कोणी उचलला, काही बोललं नाही, श्वास घेतला आणि ठेवून दिला. तो श्वास तुझाच होता, मले शिकवू नको. चौथीपर्यंत एका बाकावर बसली मी तुझ्यासंग. गणित चुकलं की गुरुजी जवळ यायच्या आधी तू असाच श्वास घे. म्हणून आता ही चिठ्ठी. अक्षर वेडंवाकडं आहे, तरी वाच. चौथीनंतर मले ढोरांमागं पाठवलं त्याचा राग मी अक्षरावर काढला, असं तूच म्हणत होती.

पोळा झाल्यावर मेरामा मी माझ्या हातानं तुझ्या मांडीवर ठेवली. तू म्हणली, मी शिकवते त्या कॉलेजात जगातल्या जुन्या देवी-देवतांचं प्रदर्शन मांडून राह्यली, पण नुसते फोटोच आहेत, एकतरी खरी पाहिजे. दसऱ्याच्या आत स्वतः आणून देते म्हणली. दसरा झाला, सोनं वाटून झालं, घरोघरची आपट्याची पानं वाळून चुरा झाली. इकडं अख्ख्या तांड्याची पऱ्हाटी फुटून पांढरी झाली आणि एका माणसानं एक बोंड वेचलं नाही.

काहून नाही वेचलं, ते तुले मी लहानपणी सांगतलं होतं, पण तुमच्या पुस्तकांखाली दबून गेलं असेल. आमच्या साती याडी, म्हणजे सात आया, सात भवान्या. त्यातली मेरामा आमच्या तांड्याजवळ गाठोड्याच्या रूपात आहे. पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस तिच्या अंगावर ठेवायचा. वरून आमच्या घरच्या बाईच्या फेटियाचा, आमच्या घागऱ्याचा, एक तुकडा फाडून गुंडाळायचा, गाठ मारायची, विस्तवावर गूळ-तुपाचा भोग टाकायचा. मग वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, दहीभात ठेवून सीतादहीची पूजा करायची आणि बायांनी वावरात पाय टाकायचा. जुनं कापड सोडायचं नाही, आत पाहायचं नाही. आमचे लोक बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरत तेव्हा त्यांचं स्वतःचं वावर नव्हतं, तरी वाटेतल्या कुणाच्या वावरातून मूठभर कापूस मागून घेत आणि तिले घालत. एक वर्ष चुकलं नाही. दुष्काळात नाही, पटकीच्या साथीत नाही.

ह्या चार-पाच वर्षांतही नाही. तुले माहीत आहे कशी गेली ही वर्षं. नवं बियाणं आलं, पानं लाल करणारा लाल्या रोग आला, भाव पडला, आणि आता आम्ही मेलो की जिते आहो हे पाहायले गाड्या भरून कॅमेरेवाले येतात. गेल्या साली आमच्या वावरात बोंडं अशी किडली की चांगला कापूस म्हणून मुठीत मावेल एवढाच निघाला. तो बाजारात नाही नेला. तिले घातला. बुढा म्हणे आता तरी ती धष्टपुष्ट होईल, आपलं काही खरं नाही. थट्टा केली त्यानं, पण हात जोडूनच केली.

तुले तिची थोरवी कळली की नाही मले ठाऊक नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासूनं ती माझ्या हातात दिली तेव्हा मी नवी नवरी होती. मले वाटलं देवी म्हणजे जड असेल. हातात घेतली तं काहीच वजन नाही, आणि तरी मी तिले छातीशी धरून खालीच बसली. सासू म्हणे, घाबरू नको, तिच्यात किती जणी आहेत ते तुले समजून राह्यलं. मग मले दिसलं, बाई. वरच्या तुकड्याखाली सासूच्या फेटियाचा तुकडा, त्याच्याखाली तिच्या सासूचा, त्याच्याखाली तिच्या सासूचा. मधामधात त्या त्या साली जगलेल्या पऱ्हाटीचा कापूस. आजच्या घडीला वर हे आताचं बियाणं, त्याखाली हायब्रीड, त्याखाली आखूड धाग्याचा गावरान, त्याखाली कोणत्या मुलखातला कोणाच्या वावरातला, कोणाले माहीत. आणि सगळ्यात आत ती. कोणी म्हणते गोटा आहे, कोणी म्हणते चांदीचा मुखवटा आहे. कोणी म्हणते आत काहीच नाही, कापडात कापड. मी आजपर्यंत विचारलं नाही. पावसाळ्यात तिले उन्हं दाखवायले ओट्यावर ठेवते तेव्हा एवढी मी तोंडाळ बाई, पण तिच्या बाजूनं जाताना पाय हळू पडते.

अशी ती, आणि मी तिले मांडीवर घेऊन राळेगावच्या एसटीत बसली. कंडक्टर म्हणे, पोराचं तोंड झाकून काहून ठेवलं, जीव गुदमरेल. मी म्हटलं पोर नाही, माझ्या सासूच्या सासूपेक्षा मोठी आहे. तो म्हणे मग तं म्हातारीले सवलत आहे. सगळी गाडी हासली. मीही हासली. तुझ्याकडं नेत होती, म्हणून हासली. दुसऱ्या कोणाकडं नेली असती तं रडली असती. आमच्या तांड्याच्या नायकानं, खेमसिंगनं, साफ नाही म्हटलं होतं. तो म्हणे ती कोर आहे, बाहेरची, आपल्या गोर माणसातली नाही, तिले आपली याडी म्हणजे वस्तू. मी त्याले भर तांड्यात सांगतलं की ही कोर मले पोरपणी स्वतःच्या डब्यातली पोळी देत होती आणि माझ्या डब्यातली भाकर खात होती. अनघाची हमी माझी. असं बोलून आली मी.

प्रदर्शन पाहायलेही आली, तुले भेटली नाही. तू कुठं दिसली नाही. एक पोरगी होती, मिताली, गळ्यात कॉलेजची नावाची पट्टी घातलेली. चांगली पोरगी. मले अक्षर लावून लावून वाचावं लागते हे पाहून तिनं स्वतःच वाचून दाखवलं. अनघा, तुझ्यावर राग आहे तो आहे, पण हे खरं सांगते, तिथं माझं डोकं गरगरलं. मले वाटत होतं की देवी म्हणजे आपल्या ह्या मुलखापुरत्या. आणि तिथं भिंतभर. ती सिंहाच्या तोंडाची सेखमेत. माणसं कापत सुटली, कोणाच्यानं आवरेना, तेव्हा देवांनी लाल रंगाची दारू ओतली, ती रगत समजून प्याली आणि निजली. मी म्हटलं आमच्या तांड्यात असे निजणारे बरेच आहेत, पण जग वाचवून कोणी निजत नाही. मिताली हासून हासून खाली बसली. मग ती इनाना, पाताळात उतरताना सात दारं, प्रत्येक दारात अंगावरचं काही काढून द्यावं लागलं, शेवटी उघडी होऊन बहिणीसमोर उभी राह्यली. सात म्हटल्यावर मी मितालीले ते पुन्हा वाचायले लावलं. कुठला तो मुलूख, कुठल्या आम्ही, आणि सात तिथंही.

आणि आयसिस. तिच्या नवऱ्याचे तुकडे करून देशभर फेकले होते. ती बाई रडत बसली नाही. नदीनं, चिखलातून, गावागावातून एकेक तुकडा हुडकला, जोडला, आणि कापडात गुंडाळला. मिताली म्हणे, गुंडाळल्यानंच तो पुन्हा उठला, असं ते लोक मानत. मी तिथं किती वेळ उभी राह्यली मले माहीत नाही. संग आलेला बुढा बाहेर चहा पिऊन परत आला तरी मी तिथंच. कापडात गुंडाळून ठेवणारी अजून एक होती जगात, आणि मले एवढ्या वयात समजलं.

मग मी मितालीले विचारलं, ह्यांना आता भोग कोण देते. ती म्हणे, कोणी नाही मावशी, ते लोकच राह्यले नाहीत. एवढ्या मोठ्या देवी, आणि उपाशी. आपल्याकडं गरिबातली गरीब देवी, शेंदराचा नुसता गोटा, तरी तिले कोणी वाटसरू पान-सुपारी ठेवते. माझ्या पदराले गूळ होता, मेरामासाठी आणला होता. तो फोडला आणि एकेका फोटोखाली खडा ठेवत गेली. तुमचा शिपाई ओरडत आला की मुंग्या होतील. मी म्हटलं होऊ दे, मुंग्या तरी येतील.

बाहेर पडताना त्यानं हातात चिठ्ठी दिली, तुमची आवडती देवता लिहा आणि डब्यात टाका. देव म्हणजे काय भाजी आहे, ही आवडते आणि ती नाही. तरी मी लिहिलं. आयसिस लिहिलं, मितालीले विचारून. मेरामाचं नाव नाही लिहिलं. आपल्या आईचं नाव कोणी डब्यात टाकते का.

सासूनं सांगितलेली एक गोष्ट तुले कधी सांगतली नाही, कारण ती फक्त सासू सुनेले सांगते. आता सांगते. लदेणीच्या, बैलांवर मीठ वाहायच्या, काळात तांडा एका नदीकाठी उतरला होता. एका नव्या सुनेनं सगळे झोपलेले पाहून मेरामा सोडली. आतपर्यंत. सकाळी गाठ पाहून समजलं. लोक म्हणे हिले हाकला, हिनं तांडा बुडवला. तेव्हाचा नायक म्हातारा होता. त्यानं त्या पोरीकडं पाहिलं आणि म्हणे, जिनं पाहिलं तिले आता याडीपासून तोडता येत नाही, तिच्याच हातात द्या. तेव्हापासून मेरामा त्या पोरीच्या घरात, म्हणजे आमच्या घरात आहे. दर साली कापड तीच घाले. काय पाहिलं ते तिनं मरेपर्यंत सांगतलं नाही. फक्त तिचा आवाज बदलला. पुढं जन्मभर ती हळू बोलली, घरात कोणी निजलं आहे आणि ते उठू नये, अशी.

आता ऐक. त्या दिवशी सगळे फोटो पाहून मी शेवटी काचेच्या पेटीजवळ गेली. मेरामा आत, खाली पाटी. मी पाटी नाही वाचली, गाठ पाहिली. माझ्या सासूनं शिकवलेली आमची गाठ आतल्या आत दडते, टोक हाताले लागत नाही, शोधणाऱ्याले सापडत नाही. काचेखालची गाठ सरळ होती, सुबक, पार्सलाले मारतात तशी. मी कोणाले बोलली नाही. बुढ्याले नाही, खेमसिंगले तं नाहीच. गावात येऊन सांगतलं की याडी मजेत आहे. वाटलं, तू दसऱ्याले येशील आणि स्वतःच सांगशील. तू आली नाही, आणि काल बुढा तुझ्या दारातून परतताना शोभाकाकू फाटकापर्यंत आल्या आणि म्हणे, हरिसिंग, ह्या पोरीले काय झालं समजत नाही, कॉलेजात जात नाही, त्या गाठोड्याजवळ बसून राहते आणि आजकाल अशी हळू बोलते, जसं घरात कोणी निजलं आहे. बुढ्याले काही उमगलं नाही, त्यानं जसंच्या तसं मले सांगतलं. माझ्या हातातली परात खाली पडली.

म्हणून हे सगळं लिहिलं, बाई. रागानं सुरू केलं, पण राग संपला. काय पाहिलं ते मले सांगू नको, मी विचारलं तरी सांगू नको. लपू मात्र नको. गुरुवारी सकाळी सीतादही आहे, खेमसिंग म्हणते त्याच्यापुढं थांबणार नाही, वणीच्या अंगानं ढग आले आहेत, याडी असो नसो, वेचणी करू. तसं झालं तं एवढ्या पिढ्यांत पहिल्यांदा एक साल तिच्या अंगावर नसेल. तिले घेऊन तू ये. काकूंच्या हाती पाठवू नको, मितालीच्या हाती नको. यंदाचा कापूस तुझ्या हातानं घालायचा आणि कापड तुझ्या लुगड्याचं. तांड्यासमोर मी स्वतः सांगीन की हिनं सोडली, हिनं पाहिली, आता ह्यावर नायकाचा जुना नियम काय आहे तो खेमसिंगनं सांगावा. ओरडतील. ओरडू दे. मी तुझ्या बाजूले बसून राहीन आणि गाठ कशी मारतात ते शिकवीन. ही चिठ्ठी सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ देऊन राह्यली. बुधवारी दुपारी मी किराणा दुकानात फोनजवळ बसून आहे. हळू बोलली तरी चालेल, मले ऐकू येईल, पण येते की नाही ते बुधवारी सांग.

तुझीच,
भुरी