‘सातवी खुंटी’चा दुसरा शेवट

गुरुवार, ६ नोव्हेंबर १९९७
शारजा

विनिताने हात वर केला, त्या क्षणी सगळं बदललं. आता आधीसारखं काही राहणार नाही, हे मला तिथेच कळलं.

इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये विष्णू कारखानीसांचं भाषण. एवढा मोठा भयकथाकार, पण बोलतो असा की कुणाची झोप मोडू नये. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि ही उठली. बाप, सुदेशकाका, मंडळाचा अध्यक्ष, शेजारीच बसलेला, तरी उठली.

“सर, ‘सातवी खुंटी’मध्ये लास्टला तो माणूस निळी डांगरी घालून बीचवर जातो आणि शांत झोपतो. तुमच्या बाकीच्या स्टोरीज इतक्या डार्क. मग ही एकच अशी सॉफ्ट का?”

हॉलमध्ये कुजबुज. माझे कान तापले. तो शेवट कारखानीसांचा नाहीच. माझा आहे!

विनिता इथेच वाढलेली. मराठी बोलते, वाचता येत नाही. हमरिया बंदराजवळ मी कामाला आहे त्या यार्डच्या स्टोअरमध्ये फोन आहे, लोकल कॉल फुकट. जेवणाच्या सुट्टीत मी तिला त्यावरून कारखानीसांच्या कथा वाचून दाखवतो. मूळ कथेत एका माणसाचे स्वतःचेच कपडे खुंटीवरून उतरून त्याच्या मागे लागतात. शेवटी तो विहिरीत उडी मारतो. मला ते तिला ऐकवायचं नव्हतं. मग मी त्याला कपडे बदलायला लावले. मजुराची निळी डांगरी. त्या डांगरीत त्याला कुणीच ओळखत नाही. फक्त एक मुलगी ओळखते.

कारखानीस तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कारण त्या दिवशी मला भीती वाटत नव्हती.”

टाळ्या!


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सुट्टी. उशिरा उठलो. कालचं टॅक्सीतलं लिहायचं राहिलं.

पाहुण्यांना हॉटेलवर सोडायचं काम माझ्याकडे होतं. खाडीच्या कडेने चाललो होतो, पाण्यात दिवे लांबच लांब ओघळलेले. कारखानीस डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, “शेवट तुमचा ना?”

कसं ओळखलं, विचारलं. म्हणाले, मुलगी बोलत होती तेव्हा सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. तुम्ही एकटे जमिनीकडे.

मग मला तो पुन्हा सांगायला लावला. तिला सांगितला होता तसाच सांगितला — संध्याकाळचा किनारा, गार होत जाणारी वाळू, मागे कुणी येत नाही याची खात्री. त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, त्यांचा माणूस तीस वर्षं विहिरीतच आहे, त्याला कुणीतरी वर काढायला हवं होतं.

उतरताना विचारलं, तो समुद्र कुठला? मी सांगितलं, आमच्या यार्डच्या पलीकडचा. हमरियाचा. टॅक्सीवाल्याला काय सांगायचं तेही सांगितलं. माझा खांदा थोपटून आत गेले.

आज दिवसभर तरंगतोय. खोलीतला मुश्ताक म्हणतो, “मजनू, जमिनीवर ये. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला अध्यक्ष जावई करणार नाय.”


शनिवार, ८ नोव्हेंबर

कारखानीस हॉटेलात नाहीत. काल दुपारी बाहेर पडले ते आलेच नाहीत.


रविवार, ९ नोव्हेंबर

सापडले. हमरियाच्या किनाऱ्यावर. अंगात निळी डांगरी.

जखम नाही. कपडे कोरडे. बुडालेले नाहीत, हार्ट नाही, विष नाही. डॉक्टर म्हणतात, कारण कळत नाही. त्यांचा सदरा-पँट कुठेच मिळाला नाही. डांगरी कुठल्या कंपनीची, तेही कळेना. छातीवर नाव नाही. आमच्यातल्या कुणाचीच हरवलेली नाही.

ज्या बंगाली माणसाने आधी पाहिलं, तो आमच्या गेटवर पाणी प्यायला आला होता. हिंदीत सांगत होता, मी उठवायला गेलो, वाटलं आपल्यातलाच कुणी ड्युटी संपवून झोपलाय.

आता माल मोजताना मध्येच थांबतो. खिडकीतून समुद्राची पट्टी दिसते. पांढरी, हलत नाही. आपण बोललेलं कुणी इतकं मनावर घेतं?


सोमवार, १० नोव्हेंबर

मंडळात शोकसभा. शोक कसला, तर्क! कुणी म्हणे शाप, कुणी म्हणे घरचं भांडण. मग नीलेश देसाई पुस्तक घेऊन उभा राहिला. म्हणाला, मी शब्दन् शब्द वाचलाय, यात डांगरी नाही, समुद्र नाही, विहीर आहे. मग सुदेशकाकांच्या मुलीला तीन दिवस आधी कसं माहीत?

सगळे तिच्याकडे वळले. काका खालच्या आवाजात सारखं विचारत होते, कुणी सांगितलं तुला? तिने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नीलेश म्हणाला, मुली लक्ष वेधायला काहीही करतात. मी त्याची कॉलर धरली. चौघांनी ओढून बाहेर काढलं मला. पण बोलायला पाहिजे होतं ते बोललोच नाही. कॉलर धरणं सोपं असतं.

आल्यावर मुश्ताकला सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला नाही. म्हणाला, “तोंड बंद ठेव. तिकडचा रस्ता तू दाखवलास. पासपोर्ट कंपनीकडे. आत टाकतील, नायतर गावाला पाठवतील. ती अध्यक्षाची पोरगी आहे, तिला काय होत नाय. खलास.”

पोलिसांनी तिला उद्या सकाळी बोलावलंय.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुपारी स्टोअरचा फोन वाजला. विनिता. आवाज अगदी बारीक.

“मी पोलिसांना सांगितलं, ती एंडिंग माझी. मीच मेक अप केली. कुणी वाचून दाखवलं नाही. तू येऊ नकोस, प्लीज.”

मी म्हटलं, तुला माहीत होतं?

“पहिल्यापासून. लास्टला तू पानं उलटवत नव्हतास. फोनवर ऐकू येतं रे.”

म्हणजे इतके महिने ती माझंच ऐकत होती. माझंच, हे माहीत असून!

मग म्हणाली, त्यांनी विचारलं, कारखानीसांना तिकडे कोणी पाठवलं? याचं उत्तर तिच्याकडे नाही. म्हणून संध्याकाळी परत बोलावलंय. फोन ठेवला.

उत्तर माझ्याकडे आहे. कारखानीस कसे गेले ते मला कधीच कळणार नाही. पण रस्ता कुणी सांगितला ते माहीत आहे.

मुश्ताक विचारतोय, एवढा शर्ट इस्त्री करून कुठे? पोलीस स्टेशन, म्हटलं. तो दारात आडवा उभा होता. आता बाजूला झालाय.

निघालो. दार मीच लावून घेतो.