डा म्हणजे दादा नव्हे

मी, खाली सही करणारी, लाटेवर चालवायच्या फळ्या घडवणारी बाई, राहणार याच वर्कशॉपच्या वरच्या खोलीत, आज शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ताळ्यावर आहे. गेला महिनाभर माझ्या थोरल्या भावाला याबद्दल शंका होती आणि ती त्याने दुकानादुकानांत बोलून दाखवली. आज त्याचीही खात्री पटली आहे आणि मी लिहीत असताना तो समोर बसला आहे. डोक्याला मार लागल्यापासून माझ्या डोक्यात रक्ताची गाठ आहे. ती विरघळेल किंवा फुटेल, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून हा कागद.

कलम पहिलं. माझ्यामागे हे वर्कशॉप, पुढचं अंगण आणि अंगणातून पाण्यात उतरणारा दगडी उतार माझ्या थोरल्या भावाला मिळावा. खडकावरच्या लाटेकडे जायला दुसरी वाट नाही, तेव्हा अंगणाला फाटक घालायचं की नाही आणि कुणाला आत सोडायचं, हे मालकाने ठरवावं.

कलम दुसरं. रंधे, कानशी, साचे, फोमचे ठोकळे आणि रेझिनचे डबेही त्यालाच.

कलम तिसरं. आत्ता त्याच्या हातात असलेला लाकडी फिन, म्हणजे फळीच्या तळाला बसवायचा पर, त्याला.

इथवरचं त्याने वाचलं. "कलम पहिलं" या शब्दांवर बोट ठेवलं आणि तिसरं संपलं तसं उचललं. म्हणाला, "झालं. कर सही."

मी म्हटलं, "टिटवीची फळी राहिली. ती कुणाला द्यायची, तिला फिन कुठले लावायचे, ते नको लिहायला?"

"लिही काय लिहायचं ते. तुझं फिनांचं पुराण मला वाचायला लावू नकोस म्हणजे झालं."

आता तो खिडकीतून लाटा बघतो आहे आणि माझा हात थांबला की फिन टेबलावर आपटतो आहे. तेव्हा इथून पुढचं सगळं माझं.

कलम चौथं. टिटवी ही याच भावाची मुलगी, माझी भाची. पोहताना बोलते, घास तोंडात असताना बोलते, म्हणून टिटवी. मला मूल नाही आणि ही असताना त्याची उणीव कधी भासली नाही. वरच्या खोलीत टांगलेली पांढरी, दोन फिनांची फळी तिची आहे. ती अजून पाण्यात उतरलेली नाही. आधीची कशी गेली ते लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढचं कुणाला कळणार नाही.

भाऊ मला दादा, आणि खडकावर सगळ्यांनाच दादा. त्या लाटेवर परका माणूस दिसला की दादा आणि त्याचं टोळकं त्याला ओढून किनाऱ्यावर आणतात आणि हात दुखेपर्यंत मारतात. माझ्या उतारावरून मी लोकांचे दात वेचले आहेत. बादल्या ओतून रक्त धुतलं आहे आणि तरी दगडांच्या फटी काळ्याच राहिल्या आहेत. पोलिसांना सांगून पाहिलं. साहेब स्वतः दादाच्या शेजारी लाट पकडतात.

त्या दिवशी लाट टिटवीची होती. ती आधी उभी राहिली होती, आतल्या बाजूला होती, पाण्यातला कुठलाही नियम काढा. दादा मागून आला आणि तिने वाट दिली नाही. बापाला मागे टाकून ती शेवटापर्यंत गेली आणि गेली तीही हसत. तिला केसांना धरून उतारावर आणलं. टोळक्यातल्या बर्फवाल्याने तिचे हात मागे धरले. दादाने तिची फळी दगडावर ठेवून पायाने मोडली. फोमची फळी काडकन मोडत नाही, करकरत मोडते. मग मोडका तुकडा उचलून तिच्या खांद्यावर घातला. गळ्याखालचं हाड मात्र काडकन मोडलं, ते मी वर्कशॉपच्या दारातून ऐकलं.

मी तिला मासळीच्या गाडीत बसवून दिलं. कुठे, ते इथे लिहिणार नाही. दादा विचारत आला.

"कुठे आहे ती?"

"कोण विचारतंय? तिचा बाप की खडकावरचा दादा?"

टेबलावर नवा फिन घासून वाळत ठेवला होता, तो त्याने उचलला. पहिल्या घावाला मी गुडघ्यांवर आले, दुसऱ्याला दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "सांग, नाहीतर मारून टाकीन," आणि मी म्हटलं, "मारूनच टाक, तोंड उघडायचे कष्ट वाचतील." हाताला कानस लागली ती मी त्याच्या मांडीत घातली, मुठीपर्यंत. तो अजून लंगडतो आणि मला त्याचं अजून बरं वाटतं. गावभर त्याने सांगितलं की बहीण शिडीवरून पडली.

टिटवे, आता नीट ऐक, कारण हे मी तुला पुन्हा सांगेन याचा भरवसा नाही. फळी निवडताना माणसं वर्षातून एकदा येणाऱ्या डोंगराएवढ्या लाटेचा विचार करतात आणि उरलेलं वर्ष पाण्यात बसून चरफडतात. तू रोजच्या लाटेचा विचार कर. गुडघ्यापासून छातीपर्यंतची, जोर कमी, वाऱ्याने विसकटलेली. तिच्यासाठी दोन फिनांची फळी. तुझ्या उंचीपेक्षा चार बोटं आखूड, छातीखाली रुंद, जराशी जाड म्हणजे हात मारताना तरंगेल, नाक फार न उचललेलं, शेपटीला खाच. मधोमध फिन नसला की पाणी अडत नाही, म्हणून ती मरतुकड्या लाटेतही पळते. पहिल्या दिवशी पायाखालून निसटेल. निसटू दे. मागच्या पायाने दाबून धरायची सवय सोड, सगळा भार पुढे घे.

फिनांच्या दोन जोड्या फळीखालच्या खोक्यात आहेत. एक बुटकी, लांब बुडाची. मऊ, सपाट लाटेला हीच लाव, पाणी धरून सरळ पळते, वळायला मात्र हट्टी. दुसरी उभी आणि अरुंद, लाट जरा उभी राहिली आणि तुला झटकन वळायचं असलं की ती. शेपूट फारच घसरायला लागली तर मागे मधोमध अंगठ्याएवढा तिसरा फिन लाव. त्यात कमीपणा नाही, दोन फिनांवरच मिरवायचं असा नियम पाण्याने केलेला नाही. तू हलकी आहेस, म्हणून मोठे फिन घेऊ नकोस. ते तुला चालवतील.

आणि डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. सपाट बाजू आत, फुगीर बाहेर, पुढची टोकं जराशी एकमेकांकडे कललेली. हे सांगायला हसू येतं ना? पण या घराची राखरांगोळी याच्यावरूनच झाली. आई दादाच्या प्रत्येक वस्तूवर "दा" लिहायची, डब्यावर, टॉवेलवर, चपलेच्या तळव्यावरसुद्धा. आणि बाबा वर्कशॉपात डाव्या फिनावर "डा" लिहायचे, उजव्यावर "उ". बाबांच्या अक्षराला डॉक्टरही हात जोडतील. दादाने एकदा घाईत फळी जुळवली, ढिगातून "डा" लिहिलेले दोन फिन उचलले आणि आपल्याच नावाचे समजून चिकटवले. दोन्ही डावे. फळीने त्याला साऱ्या किनाऱ्यासमोर एका अंगाला ओढत नेलं आणि खडकावर आपटलं. बरगड्या गेल्या. किनाऱ्यावरचा एक पाहुणा हसला, त्याचा डोळा गेला. दादाने अंगठ्याने काढला. खडकावरची मारामारी तिथून सुरू झाली.

बाबांनी फिन समोर धरून दाखवला. "अरे, डा आहे हा, डा. डावा. वाचून तरी घ्यायचं." दादाने बाबांना भिंतीवर ढकललं आणि माझ्याकडे बोट केलं. मी मुद्दाम चुकीचे फिन दिले, हे त्याने तेव्हापासून धरून ठेवलं आहे. मी त्या दिवशी तापाने अंथरुणात होते. बाबांची खूण मी आजही तशीच लिहिते. मघाशी हातातल्या फिनावरचं अक्षर त्याने मला दाखवलं आणि म्हणाला, "बघ, नावच आहे माझं." मी मान हलवली.

फिनाचे स्क्रू फार पिळू नकोस, खाचेला तडा जातो. आणि याच ओघात एक कायदाही लिहून ठेवते, कारण स्क्रूच्या शेजारी तो कुणी शोधायला येणार नाही. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या नावे लिहिलेलं रद्द होतं, बाकीचा कागद उभा राहतो. वकीलबाई मला फोनवर म्हणाल्या, "ज्याला द्यायचं आहे त्याचीच साक्ष घेऊ नका हं, पुष्कळ लोक ही चूक करतात." मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंत."

कलम पाचवं. वरच्यापैकी कुणाला दिलेलं काहीही कायद्याने रद्द झालं, तर ते सर्व माझ्या भाचीला मिळावं. वर्कशॉप, अंगण, उतार, रंधे, साचे, सगळं. टिटवे, फाटक घातलेलं दिसलं तर उखडून टाक. ज्याला पाण्यात जायचं त्याला जाऊ दे, हसणाऱ्याला आधी. दादा आडवा आला तर सांग, गाठ आत्याशी आहे. डोक्यात बांधली ती त्यानेच. तिसऱ्या कलमातला फिनही तुझाच होतो, तो त्याच्या हातातून मागून घे. माझं रक्त लाकडात मुरलं आहे. आधी तो मोठ्या शहरातल्या पोलिसांना दाखव, इथल्या साहेबांना नको, आणि मी गेले असेन तर कशाने गेले तेही सांग. परत मिळाला की डावीकडे बसव. जोडीचा उजवा खोक्यात आहे.

कलम सहावं. बर्फवाल्याची फळी या वर्कशॉपात कधीही दुरुस्त होऊ नये. पाण्यात त्याच्या पायाखाली दुभंगली आणि तो हाका मारत असला तरी त्याने आधी टिटवीचे हात कसे धरले होते ते आठवावं, मग पोहावं.

कलम सातवं. माझी राख त्या लाटेत टाकू नये. तिथे माझ्या ओळखीच्यांचं रक्त फार आहे. उताराच्या फटींमध्ये सिमेंटबरोबर भरावी. पाय घसरत नाहीत.

दादाचा मला राग आहे, आणि तो मेल्यावर संपेल असं मला वाटत नाही. टिटवीवर माझा जीव आहे, तोही तसाच. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिलं.

डॉक्टर डोक्याची जखम बघायला आले आहेत. साक्षीला शेजारच्या शिंप्याला बोलावते, असं मी म्हटलं. दादा म्हणाला, "परका कशाला? मी आहे ना." मी म्हटलं, "नको रे दादा, तू कशाला?" पुन्हा म्हटलं, "तू नकोच." मी नको म्हटलं की तो ते करतोच, लहानपणापासून. डॉक्टरांनी कागद पहिल्यापासून वाचला, चौथं कलम दोनदा.

मग त्यांनी दादाला विचारलं, "तुम्ही पूर्ण वाचलंत ना?"

"माझं ते वाचलं."

"आणि खालचं?"

"फिनांचं ना? फिन मला कळतात, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पेन त्याच्यापुढे केलं. एवढं मी सहीआधी, दोघांच्या देखत लिहिलं आहे. एकजण वाचतो आहे.

ठिकाण: वर्कशॉपचं टेबल, खिडकीकडची बाजू.
दिनांक: डॉक्टरांच्या शिक्क्यावर आहे तो.

लिहून ठेवणार: फळीवाली (सही)

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की, सदर बाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीवर असताना सही केली. त्यांचं डोकं ताळ्यावर असल्याबद्दल आमच्या मनात शंका नाही आणि पुढे कधी आम्ही ती काढणार नाही.

साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही व शिक्का)

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ (सही) दा