चौथी चिठ्ठी

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं पार पडलं. तुझा बंद लखोटा, मधल्याची चिठ्ठी आणि माझी, तिन्ही कागद चिकटवायच्या खळीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. तिन्हींवर माझंच नाव निघालं. पाच वर्षं बाइंडिंगचं दुकान मी चालवायचं, आणि कटिंग मशीनला बाबांनी हात लावायचा नाही. स्वतःलाच मत द्यायला लाज वाटली, पण दिलं.

करणं भागच होतं. डॉक्टरीणबाईंच्या आईची हाताने लिहिलेली वही बाबांनी कडेने सारखी करायला घेतली आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द कापून टाकला. त्यांची नजर अधू झालीय हे आपण तीन वर्षं बघतोय. पण दुकानात त्यांचा शब्द म्हणजे हुकूम, आणि आपण री ओढणारे.

निकाल सांगितला तेव्हा त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, की त्यांची चिठ्ठी कुठे आहे. मधल्याला थट्टा वाटली, तो हसला. मला हसू आलं नाही. त्यांनाही एक मत असावं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं गं.

तेव्हापासून रोज दहाला येतात, दार वाजवतात आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहतात. दुपारी मला विचारतात, घरी जाऊ का म्हणून. उभ्या जन्मात मी त्यांना विचारल्याशिवाय दुकानातून पाय काढला नाही.

लोभ आहेच; या वेळी कानउघाडणीही कर.

तुझा,
धाकटा

ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कान कुणाचे उपटू? बेत माझाच होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत झाली.

याच आठवड्यात नववीला राजेशाही आणि प्रजासत्ताक शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने आखले. राजेशाहीत खुर्ची रक्ताने मिळते आणि बहुधा कुणी मेल्यावरच रिकामी होते. प्रजासत्ताकात ती लोक देतात आणि मुदत संपली की परत घेतात. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की खुर्चीवरून उतरवलेल्या माणसाचं पुढे काय होतं. मी सांगितलं, राजाला पुष्कळदा देशच सोडावा लागतो; राष्ट्राध्यक्ष मात्र घरी जातो आणि पुढच्या वेळी आपल्यासारखाच रांगेत उभा राहून मत देतो. बोलून गेले आणि खडू हातात तसाच राहिला. बाबांचा बाक डोळ्यांपुढे आला. आपण राजा हटवला रे, पण त्याला नागरिक करायचं राहून गेलं.

पुन्हा मतदान घ्या, चार चिठ्ठ्यांनी. माझी सोबत पाठवते आहे. आणि खळ जरा घट्ट शिजव. तुझी पातळ होते म्हणून प्रजा कुरकुरते आहे असं मधला लिहितो.

रागावलास तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी,
ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आगीतून फुफाट्यात पडलो. चार चिठ्ठ्या बाबांनी भिंग लावून स्वतः वाचल्या. तीन बाबांच्या, एक माझी. म्हणजे आपण तिघांनीही, एकमेकांना न सांगता, त्यांना मत दिलं; आणि त्यांनी मला.

मला वाटलं, आता किल्ली उचलतील. ते कधी नव्हे इतके चिडले. त्यांनी विचारलं, की पंधरा दिवसांत त्यांचे डोळे सुधारले का. मग म्हणाले, ताईला मीच लिहितो. लिहायला चार दिवस तरी लागतील, धीर धर.

माया पातळ करू नकोस, खळ मी बघतो.

तुझा,
धाकटा

ता. २४ फेब्रुवारी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, चालवून घे.

माझ्या राज्यात मी वाकडं कापतो हे मला कुणी सांगितलं नाही. तो दोष तुमच्याइतकाच माझा. माझ्यापुढे तोंड उघडायची सोयच मी ठेवली नव्हती. पण परवाच्या तुमच्या तीन चिठ्ठ्यांतही तेच. मनात एक, कागदावर दुसरं. तसलं मत मला नको. दुकान धाकट्याचंच.

मला हटवलंत ते बरोबर केलंत, त्याची माफी मागू नका. विचारलं नाहीत, त्याचं दुखलं. ते आता सांगून टाकलं.

त्या वहीने मात्र माझी झोप नेली आहे. धाकट्याची परवानगी काढून डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि चूक कबूल केली. त्या रोज तासभर येऊन बसतात. आईचा जो शब्द आठवतो तो सांगतात, मधला कागदाच्या पट्टीवर लिहून जोडतो, शिलाई मी करतो. शिलाईचं भोक बोटाला सापडतं, त्याला डोळ्यांची गरज नाही. काही ओळी अर्ध्याच राहणार. त्या माझ्या खात्यावर.

पाच वर्षांनी असलो, तर धाकट्याच्या विरोधात मत द्यायचा विचार आहे. खळ अजून पातळच करतो.

माझ्या चिठ्ठीचा कागद तेवढा आत्ताच कापून ठेवा. मला कापायला देऊ नका.

तुमचा,
बाबा