टकेटची मुख्य भूमिका

रविवार, ७ सप्टेंबर
मागच्या रविवारी इथे लिहिलं ते चूक आहे. लिहिलं होतं, 'ऑर्विल टकेटने आयुष्यात मुख्य भूमिका केली नाही. एकदा विचारलं होतं, त्याने नकार दिला.' खोडत नाही. खोडलं की काय चुकलं होतं तेही जातं. बरोबर असं आहे: त्याने केली. एकदाच. न्यूयॉर्कला, नाटकात, साठी उलटल्यावर. नाटक आठवडाभरसुद्धा चाललं नाही.

काल लायब्ररीत या जुन्या अमेरिकन नटाची एक रेडिओ मुलाखत ऐकली, त्यात तो स्वतःच सांगतो. पुन्हा ऐकली. मग बाहेर जाऊन पाणी प्यायले आणि परत पहिल्यापासून.

नकाराची गोष्ट मला बाबांनी सांगितलेली. ती कधी तपासून बघावी असं मनातच आलं नाही. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या रिपोर्टमधले स्वल्पविराम तपासते.

४ ऑक्टोबरला लंडनला, हॅरोच्या फिल्म क्लबमध्ये टकेटच्या सिनेमाआधी पंधरा मिनिटं बोलायचंय. बाबा पहिल्या रांगेत असणार.

सोमवार, ८ सप्टें.
ट्रेनमध्ये भाषणाचे मुद्दे. (यापुढे टकेट = टी.)

विशीत फिरत्या नाटक कंपनीत. केसांना पावडर लावून आजोबा झाला. सकाळी सेट उचलायचा, रात्री त्याच सेटवर खोकत मरायचा. मग सिनेमा: बटलर, न्यायाधीश, हमाल, हॉटेलचा कारकून, शेजारी. दोन सिनेमांच्या मध्ये वेळ मिळाला की परत नाटकात. साठीत पुन्हा आजोबा, आता पावडरीशिवाय. पोस्टरवर नाव कधी नाही. असलं तर सगळ्यात खाली, छपाईवाल्याच्या नावाला खेटून.

हे लिहिताना मान ताठ होते. जणू माझ्याच घरातला माणूस.

बुधवार, १० सप्टें.
माझी पहिली शाळा म्हणजे आमचा हॅरोचा सोफा. शाळेत नाव घालायच्या आधीची. दुपारी टीव्हीवर काळे-पांढरे अमेरिकन सिनेमे लागायचे, बाबा ते टेप करायचे आणि संध्याकाळी लावायचे. मधेच पॉज. "केतकी, मागे कोण उभंय?" मी हिरॉइनकडे बघत असायचे. ती रडत असायची. "रडणारीला काय बघायचं, ती रडणारच. मागचा बघ." मागे टी. सूटकेस धरून उभा. ती रडतेय म्हणून त्याने सभ्यपणे मान वळवलेली, आणि सूटकेस जड आहे हे त्याच्या खांद्यात दिसतं. तेवढंच. मला ते दिसलं तेव्हा बाबांनी टाळी वाजवली होती.

"बोलणारे सगळेच असतात. ऐकणारा शोध." हे वाक्य भाषणात घ्यायचं. बाबांचं आहे असं सांगून.

रविवार, १४ सप्टें.
हॅरोला जेवायला. मराठी मंडळातला संदेशही जेवायला होता. मंडळाचं दिवाळीचं नाटक या वर्षी तोच लिहितोय आणि बसवतोय. मूळचा पुण्याचा, बँकेत सॉफ्टवेअर, बोलताना हात सगळीकडे. वरणात गेला एकदा.

बाबांना म्हणाला, "काका, बापाचा रोल तुम्ही करायचा."
बाबा : "बापाचा? म्हणजे एका सीनचा?"
"नाही हो. दोन्ही अंक. सगळं नाटकच त्याचं आहे."

बाबांनी ताटातली कोशिंबीर एका बाजूला नीट गोळा केली. मंडळाच्या नाटकांत ते दिवाणजी झाले, पोस्टमन झाले, डॉक्टर तर इतक्यांदा, की लोक अजून त्यांना गुडघेदुखी सांगतात. आम्ही सगळे गर्वाने सांगत आलो, बाबा लीड घेतच नाहीत. तत्त्व आहे त्यांचं.

बाबा म्हणाले, "टकेटसुद्धा नाहीच म्हणाला होता रे. आपण मागच्या रांगेतली माणसं."
"मागून सगळं दिसतं ना तुम्हाला, काका. म्हणूनच तुम्ही."
आई : "अहो, हो म्हणा की. किती भाव खाल?"
"विचार करतो."

मी भातावर ताक घेतलं. टकेटचं नाव निघालं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण संदेशसमोर? पाहुण्यासमोर त्यांना खोटं पाडायचं?

नंतर स्वयंपाकघरात आईला विचारलं, याआधी कुणाकुणाला नाही म्हणाले बाबा?
आई भांडी पुसत होती. "कुणाला म्हणतील? विचारलं कुणी होतं? आत्ता पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय."
"मग ते तत्त्व?"
"तत्त्व होतं म्हणून बरं दिसत होतं गं." आणि लगेच, "हे त्यांना सांगू नकोस."

मंगळवार, १६ सप्टें.
झोप नीट नाही. दोन्ही बाजू लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जातील.

सांगितलं तर: 'टी. नाही म्हणाला' हा आधार जातो. मग बाबांना स्वतःचं उत्तर द्यावं लागेल. कदाचित हो म्हणतील. पण नाटक पडलं हेही कळेल, आणि मग कायमचे नाही म्हणतील. 'बघ, टकेटचंसुद्धा पडलं.'

नाही सांगितलं तर: नाही म्हणतील. दसऱ्याला नाटकाचा मुहूर्त. दोन दिवसांनी क्लबमध्ये मी माईकवर खरं सांगणार आणि बाबा ते भरल्या हॉलमध्ये ऐकणार, भूमिका गेल्यावर. हे तर होऊच द्यायचं नाही.

भाषणातून तो भाग काढला तर? क्लबच्या पॅटला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "लव्ह, कुणाला कळणार आहे? नकाराची गोष्ट फार गोड आहे, तीच सांग." पॅट मनाने चांगली आहे. पण मला कळणार आहे ना.

आणि टी.चं काय? तो बिचारा उभा राहिला, पडला, आणि मी म्हणायचं की तो उभाच राहिला नाही?

शनिवार, २० सप्टें.
परत लायब्ररीत. मुलाखतीतला तो भाग या वेळी हळू ऐकला.

टी. म्हणतो (शब्द माझे), पहिल्या दोन रात्री फार वाईट केलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्यावर जगलो, आता सगळे माझ्या वाक्याची वाट बघत होते, त्यामुळे घाई केली. तिसऱ्या रात्री निम्मं थिएटर रिकामं. त्या रात्री कुठेतरी जमलं. समोरचा बोलत होता तेव्हा नुसता ऐकत उभा राहिलो, आणि खुर्च्यांची कुरकुर थांबली. मग हसतो. मुलाखत घेणारा विचारतो, पश्चात्ताप होतो का? टी. म्हणतो, तिसऱ्या रात्रीचा नाही.

नाटक बंद झालं आणि पुढच्याच सोमवारी तो स्टुडिओत हजर. हमालाचं काम, दोन वाक्यं. तो हमाल म्हणजे आमचा सूटकेसवाला! सोफ्यावर मी बघितलेला खांदा पडलेल्या नाटकानंतरचा आहे. आणि काय खांदा आहे.

रडू आलं. शेजारच्या माणसाने सभ्यपणे मान वळवली. मग हसू आलं.

त्याने नकार दिला नाही याचा मला जास्तच अभिमान वाटतोय. हे भाषणात कसं लिहायचं, अजून कळत नाही.

सोमवार, २२ सप्टें.
घटस्थापना. आईचा फोन. घट बसवला, फुलं महाग, आणि "तुझे बाबा बागेत टोमॅटोंना दुसरा अंक म्हणून दाखवतायत."
"म्हणजे हो म्हणाले?"
"छे! संहिता नुसती वाचायला ठेवून घेतलीय म्हणे. काल गॅसवरचं दूध उतू गेलं आणि हे समोर उभे राहून मुलाला घराबाहेर काढतायत. नाटकातल्या."

पुढे बाबा फोनवर आले. हवा, टोमॅटो, माझा खोकला. नाटकाचा विषय नाही. मी विचारलंच. "बघू गं. टकेट काय म्हणाला होता..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. पूर्वी हे वाक्य ते कधी अर्धं सोडत नसत.

त्यांनी ही गोष्ट कुठे वाचली, ऐकली, की एखाद्या वर्षी भूमिका वाटून झाल्यावर घरी येताना ट्रेनमध्ये स्वतःच रचली? विचारणार नाही. त्या गोष्टीवर त्यांनी किती पोस्टमन मन लावून केले.

बुधवार, २४ सप्टें.
संदेशचा मेसेज : 'केतकी, काकांचं काय ते सांग ना. दसऱ्याला नारळ फुटला की मी पात्र बदलत नाही, आमच्या पुण्याच्या नाटकाच्या सरांची शिस्त. दुसरे काका तयार आहेत पण ते फार ओरडतात.'

लंचमध्ये बाबांना फोन लावला. दोनदा तोंडाशी आलं. माझ्या तोंडून निघालं की ती तक्रार होते: 'बाबा, तुमचं चुकलं.' त्यांनी मला बघायला शिकवलं, आणि मी त्यांना हे शिकवायचं?

गुरुवार, २५ सप्टें.
ठरलं. मी सांगायचंच नाही. टी. सांगेल.

लायब्ररीत ऐकण्याची खोली मागितली, दोन हेडफोनची. मिळाली. बाबांना फोन केला. टकेटचा आवाज ऐकायला येता का? सिनेमातला नाही, त्याचा स्वतःचा.

बाबा : "कशाबद्दल बोलतोय?"
"कामाबद्दल. एक भाग तुम्ही ऐकायलाच हवा. मला वाटलं होतं तसं नाहीये ते."
'तुम्हाला' म्हणायचं होतं. 'मला' म्हणाले. तेही खोटं नाही.
"असं," बाबा म्हणाले. नंतर, "इस्त्रीचा कोट घालू?"
"घाला."
"आईला आणू?"
"नको. आपण दोघंच."

ऐकून झाल्यावर ते काय म्हणतील ते त्यांचं. नाही म्हणाले तरी दसऱ्याला मी त्यांच्याच शेजारी बसेन, आणि ४ तारखेला खरं तेच बोलेन.

लायब्ररीत भेटायचं ठरलं: शनिवारी, २७ सप्टेंबरला, सकाळी.