पुरावा आढळून आला नाही

चोपडा,
११ एप्रिल २०२५

प्रिय अमृत,

सप्रेम नमस्कार. नूतन वहिनींनाही सांग.

तू फोन उचलत नाहीस, केंद्राच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलास. परवा घरच्या नंबरवर लावला तर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, ते घर नही शेतस." मागून तुझा खोकला ऐकू येत होता. त्यांना माझ्यापायी खोटं बोलायला लावू नकोस, त्यांना ते जमत नाही. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सकाळची शाळा सुरू झाली. केंद्रप्रमुख म्हणून माझ्याकडे चौदा शाळा, आणि रोज दुपारी बाराच्या आत पाठवायची कसली ना कसली माहिती. सोमवारी शाळेतल्या खिडक्यांची संख्या मागितली, बुधवारी त्यातल्या उघडणाऱ्या किती ते मागितलं. पाठ पाहायला म्हणून वर्गात शिरतो आणि हजेरीपट पाहून बाहेर येतो. आपण कधीकाळी मास्तर होतो, हे हल्ली मलाच आठवावं लागतं. फार थकलोय रे. आणि नुसत्या फिरण्याने नाही.

पाड्यावरच्या आपल्या शाळेत दोघंच मास्तर होतो, सोळा वर्षं. मार्च सरला की स्वयंमूल्यांकनाचे फॉर्म यायचे आणि तू कपाळाला हात लावायचास. आपली आरती आपणच कशी ओवाळायची म्हणून माझा फॉर्म तू भरायचास, तुझा मी. भरलेला कागद समोर आला की न वाचता सही ठोकायची. वाचलं तर अविश्वास दाखवल्यासारखं. एकदा मी तुझ्या फॉर्मात 'विद्यार्थ्यांना पोहण्यास शिकविले' असं लिहून दिलं होतं. गावच्या नाल्याला गुडघाभर पाणी नाही, तरी साहेबांनी त्याला 'अत्युत्तम' दिलं. तू आठवडाभर हसत होतास.

२०२१ला पदोन्नतीच्या यादीत माझं नाव लागलं. त्या वर्षी माझ्या फॉर्मच्या सातव्या रकान्यात, 'उल्लेखनीय कार्य' म्हणून, तू तुझी शब्दभिंत लिहिलीस. घरोघर फिरून आयाबायांकडून शब्द गोळा केलेस तू. डावीकडे मुलांच्या घरातला शब्द, उजवीकडे पुस्तकातला, अशी तीन वर्षं भिंत भरत गेलास तू. मी फक्त रंगाचा डबा आणून दिला होता. आपल्या रिवाजाप्रमाणे मी सही केली. पुढे साहेबांनी सभेत त्या भिंतीवरून माझं कौतुक केलं, तेव्हा मी तुझ्याकडे आलो आणि म्हणालो, मला माहीतच नव्हतं. तू हसून म्हणालास, "ऱ्हाऊ दे भो. तू वर गया तरी भिंत कोठे जास?"

मी वर गेलो. केंद्रप्रमुख झालो आणि तुझा गोपनीय अहवाल माझ्याच टेबलावर येऊ लागला. पहिली दोन वर्षं तू सातवा रकाना कोराच ठेवलास. गेल्या वर्षी मात्र त्यात दोन ओळी होत्या. 'मुलांच्या घरचे शब्द भिंतीवर लिहिले. मुलं वाचायला लागली.'

तो फॉर्म तीन दिवस माझ्याकडे पडून होता. एकच भिंत दोघांच्या फायलीत निघाली, तर वरचे साहेब विचारणार, खरी कुणाची? चौथ्या दिवशी मी लिहिलं, 'उपक्रमाचा पुरावा आढळून आला नाही.' आणि शेवटी प्रतवारी 'ब'.

त्याच वर्षी जानेवारीत मी त्या भिंतीखाली बसून चहा प्यायलो होतो. तू फळ्याकडे तोंड करून होतास, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. खिचडी शिजवणारी कस्तुराबाई, जिला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं, ती भिंतीवरच्या शब्दांवर बोट फिरवत वाचू लागली. मला म्हणाली, "बठ्ठा शब्द आम्हना शेतस, साहेब. अमृत गुरुजीनी लिखात." सगळे शब्द त्यांच्या घरचे, लिहिलेस तू. याहून वेगळा पुरावा काय असतो? मी भेटवहीत सही केली आणि मोटरसायकल काढली.

घरी तुझ्या मेघावहिनीला सांगितलं, मित्राला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून जरा कडक लिहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिली. मलाही ते कारण थोडे दिवस पुरलं.

त्या 'ब'पायी तुझी निवडश्रेणी, हक्काची वरची वेतनश्रेणी, अडली. चोवीस वर्षं एका पाड्यावर घालवलेल्या माणसाच्या नावापुढे मी 'पुरावा नाही' लिहिलं. त्या शेऱ्यावर हरकत घ्यायला ३० एप्रिलपर्यंत मुदत आहे आणि तू अजून घेतलेली नाहीस, हे मला परवा कार्यालयात कळलं. तू घेतली असतीस, चारचौघांत मला शिव्या दिल्या असत्यास, तर बरं वाटलं असतं. तू गप्प राहिलास, ते मला सोसवत नाही.

यंदा माझाही फॉर्म आला. तू नाहीस म्हणून गेली तीन वर्षं कार्यालयातल्या बाबूंकडून भरून घेतला. आज सकाळी पहिल्यांदा माझ्या हातानं भरला. सातव्या रकान्यात लिहिलं, 'सन २०२१ च्या माझ्या अहवालात नोंदवलेली शब्दभिंत हे श्री. अमृत यांचे काम आहे. मी रंगाचा डबा आणून दिला. त्यांच्या अहवालातील माझा शेरा खोटा आहे.' मूळ प्रत दुपारी कार्यालयात दिली, पोच घेतली. आवकजावक बारनिशीच्या बाईंनी न वाचताच शिक्का मारला. वाचतील तेव्हा चौकशी लागेल, कदाचित हे पद जाईल. कुठे शाळा दिली तर जाईन. मुलांसमोर उभं राहता येतं का अजून, ते बघायचंय.

झेरॉक्स सोबत ठेवली आहे. हरकतीला जोड. माझ्यासाठी नको, कस्तुराबाई वाचते म्हणून जोड.

कागदाच्या खाली माझी सही आहे. वाचून केली आहे. आणि अमृत, २०२१ ची सहीसुद्धा मी वाचूनच केली होती.

रंगाचा डबा आणणारा,
शालिग्राम