पेटीतला डोळा

मी, वय वर्षे सहासष्ट, राहणार कालव्यापलीकडची वस्ती, शेवटची गल्ली, व्यवसाय कृत्रिम डोळे रंगवणे (आता निवृत्त), हे माझ्या हाताने लिहीत आहे. दिवस थोडेच उरले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी भरीलाही घातलेलं नाही. कारखान्यात छत्तीस वर्षं मला कोणी नावाने हाक मारली नाही. वस्तीसाठी ठेवलेल्या एका जागेवर मी लागले, म्हणून मी 'राखीव'. "राखीवला बोलवा." "हे राखीवकडे द्या." सहीपुढे तेही नाव घालत आहे, उगाच ओळख पटवताना घोळ नको.

कलम १. दोन खोल्यांचं घर आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या भाचीला. धाकट्या भावाला काहीही नाही. स्वतःच्या लग्नात त्याने सासरच्यांना माझी ओळख "आमची ताई, कोट्यातून लागली" अशी करून दिली होती. तो हसला, तेही हसले. मी विसरलेले नाही.

कलम २. माझे कुंचले, साचे आणि लाल रेशमाची लडी भाचीलाच. (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिरा म्हणून आम्ही रेशमाचे तंतू बसवतो.) सगळ्यात बारीक कुंचल्याला तीनच केस आहेत. बाई गं, तो पाण्यात उभा ठेवलास तर मी वरून येऊन तुझा कान पिळीन.

भाची पुढच्या महिन्यात कारखान्याच्या परीक्षेला बसणार आहे. मला म्हणाली, "मावशी, मी खुल्या जागेवरच बसणार. मला नकोय ती राखीव जागा. जन्मभर टोमणे कोण ऐकणार?"

"बस की," मी म्हटलं. "पण ती जागा बंद करू देऊ नकोस."

"का? आता सगळे सारखेच आहेत ना?"

तेव्हा मी उत्तर दिलं नाही. ते इथे देते, कारण त्याच महिन्यात कारखान्याची समिती ती जागा ठेवायची की काढायची हे ठरवणार आहे.

कलम ३. माझा हातआरसा. माझ्या परीक्षेच्या वेळी प्रत्येकासमोर एक माणूस बसवायचे आणि त्याच्या डोळ्याची हुबेहूब नक्कल करायची. माझ्यासमोर बसायला कोणी तयार होईना. मास्तरांनी, म्हणजे आमच्या परीक्षकांनी, हा आरसा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "स्वतःचाच कर." मी माझा डावा डोळा केला. माझ्या डाव्या बुबुळात खालच्या कडेला तिळाएवढा पिवळा ठिपका आहे. तोही रंगवला. आरसा भाचीला.

कलम ४. निकालात मी शेवटून पहिली. पहिला आला तो शेजारच्या टेबलावरचा उंच मुलगा. तोच पुढे साहेब झाला आणि आज समितीचा अध्यक्ष आहे. त्याचा डोळा दारातल्या काचेच्या पेटीत मखमलीवर बसवला, खाली त्याचं नाव. त्या डोळ्याने मला छळलं. आत शिरले की तो माझ्याकडे बघायचा, डबा खाताना पाठ केली तरी मानेवर जाणवायचा. मी जागा बदलली. पोरी म्हणायच्या, "राखीव, तुझ्यावर नजर ठेवायलाच बसवलाय तो!" मीही हसायचे, पण एकटी असले की दारातून पळत आत जायचे. चौतीस वर्षं.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पेटीची काच फुटली आणि डोळा पुसायला माझ्याकडे आला. खालची कड मखमलीत रुतलेली होती. पुसता पुसता तिथे पिवळा ठिपका निघाला. मी बेसिनवरच्या आरशात पाहिलं, मग हातातल्या डोळ्याकडे पाहिलं, मग परत आरशात. मीच माझ्यावर नजर ठेवून होते.

मास्तर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. दृष्टीही गेली होती. मी विचारलं तर म्हणाले, "साचे उकळताना त्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या सुटल्या गं. तुझा नि त्याचा, दोन डोळे उरले. एक झकास, एक बरा."

"मग?"

"मग काय? झकास कोणाचा असणार, ते उघडच होतं की."

त्यांच्या मनात पाप नव्हतं, हेच मला जास्त लागलं. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या डाव्या पापणीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. त्याच आठवड्यात गेले.

हे मी दुसऱ्या कोणालाही सांगितलं नाही. "आता हिला पहिला नंबरही हवाय" म्हणाले असते.

साहेब वाईट कारागीर नाहीत. पुढे त्यांचा हात चांगला बसला, कारण चुकायला त्यांना मोकळीक होती. माझं प्रत्येक काम दोनदा तपासलं गेलं. ती राखीव जागा नसती तर मला आरसासुद्धा मिळाला नसता. आणि माझ्या डोळ्यांत एकदा नीट पाहिलं असतं, तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. छत्तीस वर्षांत कोणी पाहिलं नाही. साहेब तर माझ्याशी बोलताना नेहमी कपाळाकडे बघायचे. पेटीतलं काम आपलं नाही हे त्यांना ठाऊक होतं का? मला माहीत नाही. भाची, हे तुझं उत्तर.

कलम ५. माझी रंगांची वही कारखान्याला हवी आहे. वस्तीतल्या लोकांच्या बुबुळांच्या छटा दुसऱ्या कोणाकडे नाहीत. ती एका अटीवर द्यावी. मी गेल्यावर माझा डावा डोळा मिटू नये. पेटी माझ्या उशाशी आणावी. समितीच्या सातही जणांनी एकेकट्याने खोलीत यावं, आधी पेटीत पाहावं, मग माझ्याकडे, आणि त्यानंतरच त्या जागेचं ठरवावं. उशीर करू नये. काही तासांत डोळ्यावर दुधावर येते तशी साय धरते. एकानेही टाळलं तर वही भाचीला. समितीने काय ठरवावं हे मला लिहिता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. बरं, नाही लिहीत. फक्त बघा म्हणते.

दुसरे साक्षीदार म्हणून साहेबांना बोलावलं आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना पाहिली की झालं.

स्थळ: माझं घर
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा
सही: (राखीव)

साक्षीदार १: डॉक्टर. सही.
साक्षीदार २: समितीचे अध्यक्ष. सही.

वकिलाची नोंद: दोन्ही सह्या माझ्यासमोर झाल्या. दुसऱ्या साक्षीदारांनी मजकूर वाचला नाही, त्यांना तो कोणी सांगितलाही नाही. संपूर्ण वेळ ते कागदाकडे पाहत होते. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हा चपला घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, "बाईंचा तो डोळा... डावाच ना?"